एआय एजंट दर आठवड्याला चार्टचे रंग बदलतो, ते कायमचे कसे ठरवायचे?

तुमची अडचण थोडक्यात अशी: तुर्भ्याच्या ऑफिसात एजंट दर सोमवारी एपीएमसीच्या (बाजार समितीच्या) आवकेची एक्सेल वाचतो आणि आले, कांदा, बटाटा, लसूण यांचा रेषांचा चार्ट काढतो. गेल्या खेपेला कांदा नारिंगी होता, या खेपेला निळा आला. "तेच रंग वापर" असं बजावूनही उपयोग नाही.

एजंट विसरतो हे खरं, पण इथे मूळ दोष त्याचा नाही. मॅटप्लॉटलिब (पायथनमधली चार्ट काढणारी लायब्ररी) रंग नावावरून देत नाही, क्रमावरून देते. तिच्याकडे दहा ठरलेले रंग आहेत: पहिला निळा, मग नारिंगी, हिरवा, लाल वगैरे. पांडासच्या (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) पिव्होट टेबलमध्ये कॉलम अकारविल्हे लागतात, म्हणजे आले पहिलं, कांदा दुसरा. आणि पूर्ण रिकामा कॉलम पिव्होट आपणहून गाळतो. आल्याचे आकडे ज्या आठवड्यात आले नाहीत, त्या आठवड्यात बाकीचे तिघे एकेक घर वर सरकले. एवढंच घडलंय.

म्हणून रंगांची नुसती यादी देऊ नका, माल आणि रंग यांची जोडी द्या. एक छोटी जेसन फाइल (नाव आणि किंमत अशा जोड्यांची साधी मजकूर-फाइल) करा. ओकाबे-इतो या ठरलेल्या रंगसंचातले हे चार पुरतील (लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे): कांदा २०४, १२१, १६७, हा गुलाबी असल्याने लक्षातही राहतो, बटाटा ०, ११४, १७८, लसूण ०, १५८, ११५, आले २१३, ९४, ०. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांनाही हा संच ओळखता येतो. याच संचातले पिवळा, आकाशी आणि नारिंगी पांढऱ्या कागदावर बारीक रेषेसाठी घेऊ नका. ग्राफिकसाठी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट (पार्श्वभूमीशी उजळपणाचं प्रमाण) लागतो, तो तिघांनाही गाठता येत नाही. जाड बारमध्ये, कडेला गडद रेघ देऊन चालतील.

एक गोष्ट मात्र यातून सुटत नाही. झेरॉक्स काढली की लसणाचा हिरवा आणि आल्याचा तांबूस जवळजवळ एकच करडा दिसतो. त्यामुळे प्रत्येक मालाला वेगळा मार्करही याच फाइलमध्ये लिहा: गोल, चौकोन, त्रिकोण, फुली.

आता एजंटकडे वळू. सूचनांच्या फाइलमध्ये रंग लिहून ठेवले तर बहुतेक वेळा पाळले जातात, पण "बहुतेक" साप्ताहिक रिपोर्टला चालत नाही. चार्ट काढण्याचं काम एका टूलमध्ये बंद करा, एमसीपी सर्व्हर (एजंटला टूल जोडून देण्याची प्रमाणित सोय) असला तर उत्तमच. टूलच्या स्कीमात, म्हणजे ते काय-काय इनपुट घेतं त्या यादीत, रंगाचा पॅरामीटरच ठेवू नका. फक्त "पॅलेट" ठेवा आणि त्याला ठरावीक तीनच पर्याय द्या: माल, कमी-जास्त, फरक. जास्तीचे पॅरामीटर नाकारा. एजंट आकडे आणि पॅलेटचं नाव पाठवेल, रंग टूल लावेल.

बिघडतं कुठे, तर बहुधा नावांत. "लसूण" ऐवजी "लसुण", किंवा शब्दामागे एक स्पेस. प्लॉटली एक्सप्रेस या दुसऱ्या चार्ट-लायब्ररीत जोडीत नसलेल्या नावाला मुकाट्याने दुसरा रंग मिळतो, कुठे एरर येत नाही. हे सगळ्यात वाईट. टूलमध्ये आधी स्पेस छाटा आणि नाव सापडलं नाही तर थांबा. एररमध्ये "लसुण माहीत नाही, चालणारी नावं: आले, कांदा, बटाटा, लसूण" असं पूर्ण लिहा, कारण एजंट तेच वाचून दुरुस्ती करतो. नुसतं "चुकीचा इनपुट" म्हटलंत तर तो अंदाजाने काहीतरी घुसवेल.

मॅटप्लॉटलिबला वरचे आकडे थेट दिले तर ती नाकारते, तिला ० ते १ मधले हवेत. २५५ ने भागा. सीबॉर्नची (मॅटप्लॉटलिबवरच बेतलेली लायब्ररी) थीम लावायची असेल तर ती रंग लावण्याआधी लावा, नंतर लावलीत तर ती डीफॉल्ट रंगसंच बदलते.

भावांच्या हीटमॅपला "कमी-जास्त" म्हणजे व्हिरिडिस (गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंतची रंगपट्टी) पुरतं, पण खालची-वरची मर्यादा ठरवून द्या. नाहीतर दर आठवड्याला पट्टी ताणली जाते आणि तोच भाव वेगळ्या रंगात दिसतो. "फरक" साठी शून्य मधोमध ठेवून निळा-नारिंगी घ्या. लाल-हिरवा नको: भाव चढला तर हिरवा की लाल, याचं उत्तर शेतकरी आणि गिऱ्हाईक वेगवेगळं देतील.

शेवटी तपासणी. आल्याचा कॉलम मुद्दाम उडवून टूल पुन्हा चालवा आणि प्रत्येक रेषेचा रंग कोडमधूनच वाचून, २५५ ने गुणून छापा. एजंटला चित्र दाखवून "रंग बरोबर आहे का" विचारू नका, तो सहज हो म्हणतो. कांद्यापुढे २०४, १२१, १६७ छापलं गेलं की सोमवारच्या कामाला लावायला हरकत नाही.