नफा दरवर्षी वाढतोय, पण अल्पमुदतीचं कर्ज एका वर्षात दुप्पट झालं. कंपनी अडचणीत आहे का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. मी अशा वेळी आधी दोन गोष्टी शोधतो: घेतलेले पैसे गेले कुठे, आणि फेडायला येणार कुठून.

ताळेबंदाच्या तारखेपासून 12 महिन्यांत फेडायचं कर्ज ते अल्पमुदतीचं. पण त्या एका ओळीत बरंच काही असतं, म्हणून खाली जोडलेल्या नोट्स वाचा. कॅश क्रेडिट (बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे काढायचे पैसे), कमर्शियल पेपर (बाजारातून थेट उचललेलं विनातारण, थोड्या मुदतीचं कर्ज) आणि जुन्या मोठ्या कर्जाचे येत्या वर्षातले हप्ते असं सगळं तिथे वेगळं दिसेल. वाढ फक्त हप्त्यांमुळे असेल, तर नवं कर्ज झालेलंच नाही, जुन्याची मुदत जवळ आली आहे. मात्र कर्जाच्या अटी मोडल्यामुळे बँकेला लगेच वसुलीचा हक्क मिळाला, म्हणून ते कर्ज इकडे आलं असेल, तर प्रकरण गंभीर आहे.

विक्री वाढली, जास्त माल भरावा लागला, त्यासाठी कर्ज काढलं, यात गैर काही नाही. माल विकून उधारी वसूल झाली की ते फिटतं. खरा धोका आहे तो तीन महिन्यांचं कर्ज काढून दहा वर्षांनी पैसे देणारा प्रकल्प उभारण्यात. मग जुनं फेडायला सतत नवं काढावं लागतं आणि देणाऱ्यांनी हात आखडता घेतला की कंपनी अडकते. पायाभूत सुविधांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीचे पैसे रस्ते, वीज अशा लांब मुदतीच्या कामांत गुंतले होते. 2018 च्या सप्टेंबरमध्ये तिला कमर्शियल पेपरची परतफेड जमली नाही. त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत तिचं पतमानांकन एएए, म्हणजे सर्वोच्च होतं!

चालू मालमत्ता (वर्षभरात रोख होणारी) भागिले चालू देणी (वर्षभरात फेडायची), हे गुणोत्तर सगळेच काढतात. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. समजा मालमत्ता 150 आणि देणी 100. गुणोत्तर 1.5, दिसायला छान. पण त्या 150 मधला 90 न खपलेला माल असेल, तर हाताशी उरतात 60. उलट रोखीने विकून पुरवठादाराला महिन्याभराने पैसे देणाऱ्या किराणा साखळ्या 1 च्या खालीही व्यवस्थित चालतात.

आणखी एक बघाच. वर्षाचं व्याज भागिले सुरुवातीच्या आणि अखेरच्या एकूण कर्जाची सरासरी. हा दर बाजारातल्या दरापेक्षा बराच जास्त आला, तर वर्षभर कर्ज मोठं होतं आणि 31 मार्चपुरतं कमी केलं, अशी शंका घ्यायला जागा आहे.

शेवटी तीन-चार वर्षांचा व्यवसायातून आलेला रोखप्रवाह नफ्याशेजारी ठेवा. नफा वाढतोय, पण रोख दरवर्षी उणे आणि ती तूट याच कर्जातून भरली जातेय, असं दिसलं तर मी त्या कंपनीत पैसे ठेवणार नाही.