जांभळाच्या बिया फ्रीजमध्ये का मरतात

एकाने लिहिलंय: जांभळाच्या दोनशे बिया, आठ दिवस वाळवल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डबीत फ्रीजमध्ये, आणि महिन्याने पेरल्या तर एकही कोंब नाही, नुसती बुरशी. वाचलं आणि आमचंच जुनं दुखणं आठवलं. बुरशीला दोष देऊ नका. ती नंतर आली, बिया आधीच मेल्या होत्या.

भेंडी-वांग्याचं बी वाळवलं की झोपी जातं. जांभूळ, फणस, आंबा, कोकम यांचं झोपतच नाही. फळातून निघतं तेच रुजायच्या तयारीनं. आतली ओल साधारण पाव हिश्श्याखाली गेली की गर्भ मरतो, मग कितीही भिजवा. उरलंसुरलं काम फ्रीजची 4-5 अंशांची थंडी आणि हवाबंद डबी करते, कारण हे बी श्वास घेत असतं.

आम्हाला एका कार्यालयातून छापील कागद मिळाला होता: 'बियाणे कोरड्या, थंड, हवाबंद जागी ठेवावे.' ज्वारीचा नियम जांभळाला! परत विचारलं तर 'सगळ्या बियाण्यांना तेच'. अख्खा हंगाम गेला त्यापायी. राख चोळायचा घरगुती सल्लाही इथे नको, ती ओल शोषते.

गर चोळून धुवा, नाहीतर तिथूनच बुरशी धरते. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला 2 ग्रॅम, त्यात बिया दहा मिनिटं बुडवा, सावलीत फक्त वरचं पाणी सुकू द्या, तासभर पुरे. मग एक माप बियांना दोन मापं ओलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर जास्त झालं. हे मिश्रण प्लास्टिकच्या पिशवीत अर्ध्यापर्यंतच भरा, सुईनं आठ-दहा भोकं पाडा, माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवा. आठवड्यातून एकदा उघडून चाळवा, मऊ पडलेल्या बिया काढून टाका. पिशवीतच कोंब फुटले तर घाबरू नका, मूळ खाली करून लगेच मातीच्या रोपपिशवीत लावा.

हे कोकणच्या दमट हवेतलं. विदर्भात कोकोपीट लवकर सुकतं, दोन दिवसांआड बघा. एवढं करूनही तीन-चार आठवड्यांपलीकडची खात्री मी देणार नाही. खरं सांगायचं तर जांभूळ साठवूच नये, जूनमध्ये खाल्लं त्याच आठवड्यात लावावं.

पुढच्या वेळी पेरण्याआधी पाच बिया कापून बघा: आत घट्ट, ओलसर, हिरवट असेल तर जीव आहे, तपकिरी, भुसभुशीत असेल तर पिशव्या भरायचे कष्ट वाचले.

लिंबोळीला यातलं काही लावू नका. ती गर काढून सावलीत वाळवून कापडी पिशवीतच ठेवतात.