मेंढ्या नव्या चाऱ्याला तोंड का लावत नाहीत? दोन दिवस उपाशी ठेवल्या तर खातील का?

तुमचा प्रश्न असा की शिंदखेड्याकडे ४० मेंढ्या आहेत, कडबा संपत आलाय, शिरपूरकडून केळीचे खांब आणलेत, वेड्या बाभळीच्या शेंगा आणि सरकी ढेपही आहे, पण मेंढ्या नुसत्या हुंगून मागे फिरतात.

उपाशी मात्र ठेवू नका भाऊ. आमचे वडीलही आधी हेच म्हणायचे, "भूक लागनी का खाई." भुकेली मेंढी खाते हे खरंच, पण मग ती ढेपेवर तुटून पडते, पोट फुगतं आणि रात्रीतून नुकसान होतं. त्यात एखादी महिनाभरात विणारी असेल तर दोन दिवसांचा उपास तिला झेपत नाही. रक्तातली साखर उतरते, नीट दिसेनासं होतं आणि एकदा बसली की उठत नाही.

मेंढी नखरे करत नाही, ती पारखते. अनोळखी वस्तूचे दोन घास घ्यायचे आणि पोट काय म्हणतं ते बघायचं, हा तिचा स्वभाव. पोटाला मानवलं तर पुढच्या वेळी जास्त खाते. बिघडलं तर त्या चवीवर बरेच दिवस फुली. अमेरिकेत युटा स्टेट विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेंझा यांनी यावर आयुष्यभर काम केलं. आम्हाला मात्र हे केळीनेच शिकवलं. २०१८ साली पाऊस दगा देऊन गेला, तेव्हा खांबाच्या फोडी करून ढीग लावला. तो तापून आंबला आणि तसाच गव्हाणीत गेला. दुसऱ्या दिवशी अख्खा वाडा हगवणीने भरला. त्यानंतर ताजा, गोड खांब टाकला तरी एक मेंढी जवळ येईना. पूर्ण उन्हाळा गेला तसाच.

त्या सालात शेंगांचं काम मात्र जमलं, तेही एका म्हातारीमुळे. मामांच्या वाड्यातली एक जुनी मेंढी शेंगा खाऊन वाढलेली होती, ती आठवड्यासाठी मागून आणली. ती कडाकडा चावायला लागली की बाकीच्या माना वळवून बघायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्यांनी तोंड घातलं. कोकरं तर आईच्या तोंडाजवळचं हिसकून खातात, आणि आईसोबत चाखलेलं विसरत नाहीत. ऑस्ट्रेलियात गव्हावर असा प्रयोग झालाय. आईबरोबर गहू चाखलेल्या कोकरांना तो जवळपास तीन वर्षांनीही ओळखीचा वाटला. म्हणून चारा भरपूर असतानाच कोकरांना आईसोबत या शेंगांची चव द्यावी. दुष्काळात शिकवायला बसलं तर उशीर झालेला असतो.

आता तुमच्यापुरतं. सकाळी जुना चारा टाकायच्या आधी नवा टाका, मूठ-मूठच. तीन वस्तू एकाच दिवशी नकोत, नाहीतर पोट बिघडलं तर कशाने ते कळणार नाही, मेंढीलाही आणि तुम्हालाही. शेंगांपासून सुरुवात करा, त्या गोड असतात. खणखणीत वाळलेल्या घ्या, बुरशी आलेल्या फेकून द्या आणि भरडून टाका. आख्ख्या टाकल्या तर बी न पचता लेंडीतून बाहेर पडतं, आणि ज्याच्या शेतात मेंढ्या बसवाल तिथे पावसाळ्यात वेडी बाभूळ उगवते. मग शेतकरी पुढच्या वर्षी बसवू देतो का बघा! शेंगा एकूण चाऱ्याच्या पाव हिश्शाच्या वर नेऊ नका.

खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. उन्हाळ्यात ते चांगलंच, पण त्याने पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगाला काही लागत नाही. पातळ चिरून दिवसभर सुकवा, कडब्याच्या कुट्टीत मिसळा आणि त्याच दिवशी संपवा. कुट्टी बारीक असू द्या. मेंढीचा ओठ चिरलेला आणि पातळ, ती पान-पान वेचून कांडं तशीच सोडते.

ढेप भिजवून द्यायची. चार चमचे टाकून सुरू करा आणि दहा-बारा दिवसांत मोठ्या मेंढीला १०० ते १५० ग्रॅमपर्यंत न्या. लहान कोकरांना सरकी ढेप देऊ नका. चव लागेना तर गुळाचं पाणी शिंपडा, आम्ही तेच करतो. आणि दुकानदाराने गाईचं खनिज मिश्रण गळ्यात मारलं तर घेऊ नका. त्यातलं तांबं गाईला चालतं, मेंढीच्या यकृतात साठून तिला मारतं.

रोज सकाळी गव्हाणीत काय उरलंय ते बघत जा. काड्या उरल्या तर कुट्टी जाड आहे, भरडा तळाशी उरला तर अजून ओळख झालेली नाही.

४० पैकी गाभण किती आणि कितव्या महिन्यात आहेत ते सांगा, त्यांचं वेगळं सांगतो.