महामारीच्या काळात दीर्घकालीन आजार असलेल्यांना रुग्णगटाचा खरोखर काही उपयोग होतो का?

आपल्या बहिणीला नुकतेच ल्युपसचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते, त्या आजाराचे) निदान झाले आहे आणि कोरोनासारखी साथ पुन्हा आलीच, तर रुग्णांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचा काही उपयोग होतो की तिथे नुसती एकमेकींची दुखणी ऐकावी लागतात, असे आपण विचारले आहे. मी स्वतः ल्युपसची रुग्ण असून पुण्यात राहते. माझा अनुभव असा की उपयोग होतो, आणि पुष्कळ होतो. मात्र गट किती मोठा आहे यापेक्षा त्यात नीट नोंद ठेवणारे कोणी आहे की नाही, यावर तो ठरतो.

आमच्यासारख्यांची २०२० मधली अडचण थोडी वेगळी होती. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी ल्युपस आणि आमवाताचे रुग्ण वर्षानुवर्षे घेत असतात. जनता कर्फ्यूच्या सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कृतिदलाने ती कोरोनाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांच्या घरातील लक्षणे नसलेल्या व्यक्तींना प्रतिबंधक म्हणून सुचवली. त्याच दिवसांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष तिचे जाहीर गुणगान करत होते. मग काय, ज्यांना तिची काडीचीही गरज नव्हती अशांनीही ती कपाटात भरून ठेवली. सरकारने २५ मार्चला निर्यातीवर बंदी घातली आणि दुसऱ्या दिवशी किरकोळ विक्रीला अनुसूची एच-१ चे निर्बंध लावले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येईना. निर्बंध योग्यच होते, परंतु दोरी बांधलेल्या काउंटरपलीकडून औषधविक्रेता नवी चिठ्ठी मागत होता आणि ती चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचा बाह्यरुग्ण विभाग बंद होता. जिल्ह्यांच्या सीमाही बंद, त्यामुळे पुण्यात तपासून घेणाऱ्या सातारा-सोलापूरच्या रुग्णांची फारच कोंडी झाली.

या काळात आमच्या गटातल्या साताऱ्याच्या एका ताईंनी, ज्या बँकेतून निवृत्त झाल्या होत्या, सर्वांना एकाच साच्यात संदेश पाठवायला लावले: गाव, गोळीची मात्रा, किती दिवसांचा साठा शिल्लक आहे, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण आहे का. सुरुवातीला काही जणींना हे सरकारी अर्जासारखे वाटले. पण आठवडाभरात त्या यादीवरून कोणाकडे महिनाभराची गोळी आहे आणि कोणाची परवा संपणार आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळू लागले. न फोडलेल्या पट्ट्या चष्म्याच्या जुन्या घरात घालून दुधाच्या टेम्पोबरोबर पुढच्या गावी गेल्याचे मी पाहिले आहे. औषधांची अशी देवाणघेवाण मी एरवी कोणालाही सुचवणार नाही. इथे दोघींची गोळी आणि मात्रा तीच असल्याची खात्री करून, घेणारीच्या डॉक्टरांना फोनवर सांगूनच हे होत असे.

टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २५ मार्चलाच प्रसिद्ध केली होती, म्हणजे डॉक्टर फोनवर तपासून रीतसर चिठ्ठी देऊ शकत होते. ही गोष्ट अनेक रुग्णांना आणि काही औषधविक्रेत्यांनाही ठाऊक नव्हती; गटाने ती पोहोचवली. एका संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांनी गटासाठी ध्वनिसंदेशही पाठवला. ही गोळी शरीरात कित्येक आठवडे टिकून राहते, त्यामुळे चार-आठ दिवस ती मिळाली नाही तर लगेच आजार उसळत नाही. स्टिरॉइड मात्र आपल्या मनाने एकदम कधीही बंद करू नये, असे त्यांनी त्यात समजावले होते. त्या एका संदेशाने निम्मी घबराट ओसरली, आणि गरोदर व मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या रुग्णांना आधी गोळी द्यायला बाकीच्या आपण होऊन तयार झाल्या. धीर द्या, असे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

आर्सेनिक अल्बम या होमिओपॅथीच्या गोळ्यांपासून काढ्यांपर्यंतचे फॉरवर्ड मात्र ताईंनी पहिल्याच आठवड्यात बंद केले. त्यावरून दोघी रागावून गट सोडून गेल्या. माझ्या मते ते बरेच झाले.

लसीच्या वेळी हीच यादी पुन्हा कामी आली. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली. सहव्याधींच्या यादीत ल्युपस हे नाव शोधून अनेक जणी निराश झाल्या होत्या, पण दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांचा त्यात समावेश होता. नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात हवे, हे गटातूनच कळले. हा आजार प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होतो, आणि नेमक्या त्यांनाच वयाच्या अटीमुळे मे महिन्यापर्यंत थांबावे लागले, याची खंत मला आजही आहे.

आपल्या बहिणीने सध्या एवढे करावे. चिठ्ठीचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि त्यात औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, म्हणजे ब्रँड मिळाला नाही तरी अडत नाही. डॉक्टरांच्या संमतीने महिनाभराची गोळी हाताशी असू द्यावी, त्याहून जास्त नको. साठेबाजीने काय होते ते आम्ही भोगले आहे. या गोळीवर असताना डोळ्यांच्या पडद्याची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यावी, साथ असो वा नसो. हजारो सदस्यांच्या गटापेक्षा आपल्या भागातला, एकमेकींना आवाजाने ओळखणारा गट निवडावा आणि तिथे नोंद कोण ठेवते, ती व्यक्ती आजारी पडली तर काम कोण पाहणार, हे आधी विचारून घ्यावे. आमच्या ताईंना २०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्वतःलाच कोरोना झाला, तेव्हा यादीची प्रत कऱ्हाडच्या एका मैत्रिणीकडे आधीच होती, म्हणून त्या आठवड्यातली लसीसाठी लागणारी डॉक्टरांची प्रमाणपत्रे अडली नाहीत.