मोटारसायकलच्या इंजिन माउंटिंगचे बोल्ट सारखे सैल होतात. सेफ्टी वायर बांधावी का?

सेफ्टी वायर, म्हणजे बोल्टांच्या डोक्यांतल्या भोकांतून ओवून पिळलेली तार, बोल्ट घट्ट ठेवत नाही. बोल्ट उलटा फिरू नये आणि फिरलाच तर गळून पडू नये, एवढेच तिचे काम आहे. आपण लिहिले आहे की स्प्रिंग वॉशर घालूनही प्रत्येक लांबच्या प्रवासानंतर माउंटिंगचे बोल्ट सैल सापडतात आणि आता मेकॅनिक बोल्टांच्या डोक्यांना भोके पाडून तार ओवायला सांगत आहेत. माझी सारी नोकरी विमानांच्या इंजिन-दुरुस्तीत गेली आणि याच गैरसमजावरून एका वरिष्ठांशी माझा वाद अखेरपर्यंत मिटला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या शॉपमध्ये एक इंजिन टेस्ट बेडवरून, म्हणजे इंजिन चालवून तपासण्याच्या जागेवरून, उतरले, तेव्हा गिअरबॉक्सच्या एका झाकणाखाली तेलाची बारीक ओल दिसली. झाकणाच्या बोल्टांना जोडीजोडीने तार बांधलेली होती आणि ती दृष्ट लागावी इतकी सुबक होती: पीळ एकसारखे, ओढ घट्ट करण्याच्या दिशेने, शेपूट आत वळवलेले. इन्चार्ज म्हणाले, तार शाबूत आहे म्हणजे बोल्ट ठीक आहेत, भरताना सांडलेले तेल असेल, पुसून पुढे पाठवा. मी सही करण्यास नकार दिला आणि तार कापून टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळण्याचा फिरवजोर, तपासू देण्याचा आग्रह धरला. बराच वाद झाल्यावर परवानगी मिळाली. टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की ‘टिक’ असा आवाज करणारा पाना) ठरलेल्या किमान मर्यादेवर लावून एकेका बोल्टावर ठेवला, तर शेजारशेजारचे दोन बोल्ट रेंचची टिक येण्याआधीच चांगले फिरले. ज्या मुलाने तार बांधली होती त्याने सांगितले की डोक्यातली भोके तारेच्या रेषेत येत नव्हती, म्हणून त्याने ते दोन बोल्ट किंचित मागे घेतले होते. त्याला तसे करू नये हे कोणी शिकवलेच नव्हते. भोक जुळवायचे असेल तर ते किमान आणि कमाल टॉर्कच्या मर्यादेतच जुळवायचे असते आणि तेवढ्यात जुळले नाही तर बोल्ट किंवा वॉशर बदलायचा असतो. मागे कधीही फिरवायचे नसते. इतके डोळ्यांसमोर घडूनही नोंदवहीत ‘गॅस्केट बदलले’ एवढेच लिहिले गेले, आणि ‘तार होती म्हणून बोल्ट पडले नाहीत’ हे वाक्य मला पुढे अनेकदा ऐकवण्यात आले. बोल्ट पडले नाहीत हे खरेच आहे, पण त्यांनी झाकण धरलेही नव्हते.

बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये प्रयोगांनी दाखवले की जोडातले भाग आडवे, म्हणजे बोल्टाच्या अक्षाला काटकोनात, सरकू लागले की आट्यांमधले घर्षण निकामी होते आणि बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. तार हे फिरणे अडवते. परंतु गॅस्केट दबले, रंगाचा थर चेपला किंवा भोक झिजले, तर बोल्ट जराही न फिरता ताण निघून जातो आणि तिथे तार काही करू शकत नाही. स्प्रिंग वॉशरबद्दल तर बोलूच नये. पुरेशा टॉर्कखाली तो सपाट होतो आणि साध्या वॉशरइतकाच उरतो. नासाच्या 1990 च्या मार्गदर्शिकेतही त्याला या कामासाठी निरुपयोगीच ठरवले आहे.

त्यामुळे आधी माउंटिंगच्या पट्ट्या काढून संपर्काच्या जागेवरचा रंग आणि गंज साफ करावा, झिजलेली भोके व रबरी बुश पाहावेत, बोल्ट नवे घ्यावेत आणि कंपनीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळावेत. बहुतेक मोटारसायकलींत हा बोल्ट आरपार जातो आणि पलीकडे नट असतो. अशा ठिकाणी फक्त डोके तारेने बांधले, तर नट खुशाल सैल होऊ शकतो. तिथे दर वेळी नवा नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला नट) किंवा मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा चिकट द्रव) हाच योग्य उपाय आहे. सायलेन्सरजवळ मात्र नायलॉक वापरू नये, त्यातले नायलॉन उष्णतेने मऊ पडते.

शर्यतीच्या गाड्यांवर तार सक्तीची असते, ती प्रामुख्याने ड्रेन प्लग, ऑईल फिल्टर अशा भागांवर, कारण तेल ट्रॅकवर सांडले तर मागून येणारे घसरतात. आपल्यालाही ड्रेन प्लगला ती बांधायची असेल, तर 0.8 मिलिमीटरची स्टेनलेस तार घ्यावी, इंचाला सहा ते आठ पीळ द्यावेत आणि ओढ प्लग आवळण्याच्या दिशेने ठेवावी. पीळ जास्त झाले की तार कडक होऊन तुटते. माउंटिंगच्या उच्च ताकदीच्या बोल्टांना घरच्या ड्रिलने भोके पाडू नयेत. वाकडे भोक डोके कमकुवत करते. गरजच पडली तर तयार भोकांचे बोल्ट विकत मिळतात.

आणि मेकॅनिकने बांधलेली तार दाखवून ‘आता हा बोल्ट हलत नाही’ असे सांगितले, तर टॉर्क किती दिला तो आकडा विचारावा. आकडा सांगता आला नाही, तर तार कापून रेंच लावायला सांगावे आणि नंतर नवीनच तार बांधून घ्यावी. कापलेली किंवा उलगडलेली तार पुन्हा वापरू देऊ नये.