सांबरासाठी .३०८ मध्ये १५० ग्रेनची गोळी घ्यावी की १८० ग्रेनची?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण मेलबर्नला स्थायिक आहात, .३०८ विंचेस्टर बोअरची (बोअर म्हणजे नळीचा व्यास, इंचांत) रायफल नुकतीच घेतली आहे आणि व्हिक्टोरियाच्या डोंगराळ रानात सांबराच्या शिकारीला प्रथमच निघाला आहात. सोबत येणारे मित्र म्हणतात की १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप, एका ग्रॅमचे साधारण साडेपंधरा ग्रेन) गोळी वेगवान आणि सपाट जाते, शिवाय अंतर जवळचे असल्याने कोणतीही चालेल. दुकानदार मात्र १८० ग्रेनचा आग्रह धरतो. साधी सॉफ्ट नोज, म्हणजे टोकाशी मऊ शिसे उघडे असलेली गोळी असेल तर १८० घ्या, ती न मिळाल्यास १६५. एवढे उत्तर पुरत असेल तर पुढचे वाचले नाही तरी चालेल. मला मात्र इथे थांबवत नाही, कारण आपल्या मित्रांचे हेच वाक्य मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी माझ्या वडिलांना ऐकवले होते आणि त्याचा भोग एका सांबराने रात्रभर भोगला.

आम्ही ग्वाल्हेरचे. पणजोबा शिंदे सरकारच्या चाकरीत लष्कर भागात येऊन राहिले, ते घर अजून तिथेच आहे. १९६८ साली या घरात दोन रायफली होत्या. एक थोरल्या काकांची .३१५, ईशापूरच्या कारखान्यातली. सैन्याचे .३०३ बोअर नागरिकांना वर्ज्य असल्यामुळे आपल्याकडे .३१५ रूढ झाले, हे आपणास ठाऊक असेलच. तिला खडकीची काडतुसे लागत आणि त्यांतली गोळी २४४ ग्रेनची, जाड, बोथट आणि संथ असे. दुसरी रायफल बाबांनी एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतलेली .२७० होती. तिची गोळी १३० ग्रेनची, आणि वेग काडतुसांच्या खोक्यावर छापलेला असे: नळीच्या तोंडाशी तीन हजार फूट प्रतिसेकंदाच्या वर. तो आकडा मी मंत्रासारखा म्हणत असे. काकांची रायफल मला बैलगाडीसारखी वाटे.

त्या काळी जंगल खात्याकडून शिकारीचा ब्लॉक परवान्यावर मिळत असे. डिसेंबरात आम्हाला आग्रा-मुंबई रस्त्यावर मोहना गावाच्या पुढे एक ब्लॉक मिळाला आणि परवान्यावर एक सांबर नर होता. ते रान बहुतांशी करधईचे. हिवाळ्यात करधई निष्पर्ण झाली की तिच्या करड्या फांद्यांत करडे जनावर असे मिसळून जाते की कान हलेपर्यंत दिसत नाही. आमच्यासोबत एक वृद्ध सहरिया आदिवासी खोजी होता. दुपार कलल्यावर त्याने माझ्या दंडाला नुसता स्पर्श केला आणि नाल्याच्या पलीकडे मला आधी शिंगे आणि मग सगळे सांबर दिसले. अंतर साठ पावले. ते आमच्याकडे तोंड करून, थोडे तिरके उभे होते. मी फऱ्याच्या सांध्यावर नेम धरला, श्वास रोखला आणि चाप ओढला. सांबर पुढच्या गुडघ्यांवर आले, क्षणभर तसेच राहिले आणि मग उठून तीन पायांवर चढण चढून गेले. बोल्ट ओढून दुसरे काडतूस आत घालेपर्यंत समोर फक्त हलत्या फांद्या उरल्या होत्या.

जागेवर जाऊन पाहिले तेव्हा खोज्याने जमिनीवरचे रक्त बोटावर घेतले आणि अंगठ्याने चोळून मला दाखवले. रक्त लालभडक होते, त्यात फेस नव्हता आणि तांदळाच्या कणीएवढे हाडाचे पांढरे तुकडे होते. फेस नाही म्हणजे फुप्फुसाला लागलेले नाही, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. अंधार पडेपर्यंत आम्ही माग काढला. पहिल्या दोन फर्लांगांत दर पावलाला रक्त होते, मग दहा पावलांनी एक थेंब, मग तोही नाही. खोजी म्हणाला, ‘‘पानी पे मिलेगा साब, सबेरे.’’ त्या रात्री मी जेवलो नाही. काका शेकोटीशी बसून एवढेच म्हणाले, ‘‘नेम चुकला तुझा. कबूल कर, म्हणजे झोप येईल.’’

सकाळी ते पाण्यावरच सापडले. डबक्याच्या काठी पुढचा पाय दुमडून बसले होते, जिवंत होते, आणि आम्हाला पाहून मान वर करून उठू पाहत होते. काकांनी .३१५ ने एका गोळीत त्याला सोडवले. ती गोळी मानेच्या बुंध्यातून आरपार गेली. काडतुसाचे रिकामे पितळ माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, ‘‘गोळी जड असावी, बाळ. जितकी जड, तितकी चांगली.’’ त्या दिवसापासून हे वाक्य आमच्या घराण्यात वेदवाक्य झाले. नेम चुकला आणि गोळी हलकी होती, ही दोन कारणे एकाच वेळी सांगितली जात आणि दोन्ही माझ्याच पदरात पडत. काका गेले, पण त्यांचे चिरंजीव आजही लग्नाकार्यात जमलेल्या मंडळींना हा प्रसंग याच दोन कारणांसह सांगतात.

आता जे मी पाहिले ते सांगतो. कातडी काढताना माझ्या गोळीची जखम नेमकी जिथे मी नेम धरला होता तिथेच, फऱ्याच्या सांध्यावर होती. बाहेरून छिद्र करंगळीएवढे. आत मात्र तळहाताएवढा खड्डा पडला होता, मांस लगद्यासारखे झाले होते, सांध्याचे हाड चिरफाळले होते आणि त्याच्या पलीकडे, बरगड्यांच्या आत, काहीच झाले नव्हते. फुप्फुस शाबूत होते. खोज्याने त्या लगद्यातून बोटांनी चाचपून तांब्याचा एक चुरगळलेला तुकडा काढला. ते माझ्या गोळीचे जॅकेट, म्हणजे शिशावरचे तांब्याचे वेष्टण होते, फुलासारखे उलटलेले आणि आतून रिकामे. शिशाचा गाभा त्यात उरलाच नव्हता. मी तो तुकडा धुऊन खिशात घातला आणि ग्वाल्हेरला परतल्यावर सराफ्यात एका ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलून घेतला. तो पावणेतीन ग्रॅम भरला, म्हणजे सुमारे ४२ ग्रेन. निघताना ती गोळी १३० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ साडेआठ ग्रॅमची होती. दोन तृतीयांश गोळी पहिल्या हाडावरच फुटून गेली होती. तो तुकडा आजही माझ्या टेबलाच्या खणात एका तपकिरीच्या डबीत आहे.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की, त्या दिवशी नेम चुकला नव्हता आणि वजनही मूळ दोषी नव्हते. दोष गोळीच्या घडणीचा होता. पातळ जॅकेट, मऊ शिसे आणि अतिशय वेग, हे तिन्ही एकत्र आले की गोळी हाडावर आपटून भुगा होते. काकांची गोळी फुटली नाही ती जड होती म्हणून नव्हे, तर संथ होती म्हणून. तीच गोळी ३,००० फुटांच्या वेगाने फऱ्यावर मारली असती तर तिचेही काय झाले असते ते मी छातीठोकपणे सांगू शकतो. काकांनी योग्य रायफल वापरली, पण कारण चुकीचे सांगितले, आणि चुकीचे कारण पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

यात मी एकटा नाही. १९४६ साली जॉन नोस्लर या अमेरिकन शिकाऱ्याच्या वेगवान गोळ्या कॅनडात चिखलाने माखलेल्या मूसच्या (तिकडच्या प्रचंड हरणाच्या) फऱ्यावर अशाच फुटल्या आणि त्या चिडीतून त्याने दोन कप्प्यांची गोळी बनवली. तिच्या मध्यात तांब्याची आडवी भिंत असते. पुढचे शिसे उमलते, सांडते, पण मागचा अर्धा भाग भिंतीमुळे अखंड राहून आत घुसत जातो. ‘पार्टिशन’ या नावाने ती १९४८ पासून विकली जाते. ती गोळी आमच्या मोहन्याच्या प्रसंगापूर्वी वीस वर्षे अस्तित्वात होती, फक्त आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती. आज यापुढची पायरी म्हणजे बाँडेड गोळी, जिच्यात शिसे जॅकेटला आतून चिकटवलेले असते.

आणि निव्वळ जडपणाच श्रेष्ठ असता, तर हत्तींचा प्रसिद्ध शिकारी कॅरामोजो बेल याने आफ्रिकेत शेकडो हत्ती ७ मिलिमीटर माउझरच्या १७३ ग्रेनच्या गोळ्यांनी मारले नसते. काकांच्या गोळीपेक्षा ती ७१ ग्रेनने हलकी होती. त्या गोळ्या उमलणाऱ्या नव्हत्या, भरीव होत्या, आणि बेलला हत्तीच्या कवटीतला मेंदू नेमका कुठे असतो ते पाठ होते. आपण सांबरासाठी तशी पूर्ण जॅकेटची गोळी चुकूनही घेऊ नका. ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर तासन्‌तास चालत राहते.

आता आपल्या .३०८ कडे येतो. १५० ग्रेनची गोळी नळीतून सुमारे २,८२० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते, १८० ची सुमारे २,६२० ने. वजनातला फरक जेमतेम दोन ग्रॅमचा. १०० यार्डांवर झिरो केल्यास, म्हणजे तिथे गोळी नेमक्या जागी लागेल अशी दुर्बीण जुळवल्यास, २०० यार्डांवर १८० ची गोळी १५० पेक्षा इंचभर खाली लागते, आणि सांबराच्या छातीच्या मापात इंचाला अर्थ नाही. म्हणजे मित्रांचा ‘सपाट जाते’ हा मुद्दा इथे निरुपयोगी आहे. ‘अंतर जवळचे आहे, कोणतीही चालेल’ हा मुद्दा तर सरळ उलटा आहे. साध्या वेगवान गोळीची सर्वांत कठीण परीक्षा जवळच्या अंतरावर असते, कारण तिथे तिचा वेग अजून ओसरलेला नसतो. तुमच्याकडच्या दाट झाडीत गाठ जवळच पडते. सांबराचा मोठा नर अडीचशे किलोच्या पुढे जाऊ शकतो आणि त्याच्या फऱ्याचे हाड चितळाच्या हाडासारखे समजणे ही घोडचूक आहे. १८० ची लांब गोळी थोडी संथ असते, कमी फुटते आणि फुटली तरी मागे पुरेसे वजन उरते, म्हणून दुकानदार बरोबर आहे. त्याने त्याचे काय कारण सांगितले ते मात्र आपण लिहिलेले नाही.

व्हिक्टोरियाचा नियम सांबरासाठी किमान .२७० बोअर आणि किमान १३० ग्रेन असा आहे. चितळासाठी .२४३ आणि ८० ग्रेन चालते. त्या नियमाचा मी आदर करतो, पण तो वाचताना मला दर वेळी आठवते की १९६८ साली माझ्या हातात नेमके तेच किमान होते. नियम बोअर आणि वजन सांगतो. जॅकेट किती जाड आहे ते सांगत नाही.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. पहिली अशी की, १५० ग्रेनविरुद्ध वर जे लिहिले ते शिसे भरलेल्या साध्या गोळीला लागू आहे. संपूर्ण तांब्याची एकसंध गोळी वापरणार असाल तर १५० खुशाल घ्या. ती फुटत नाही, वजन जवळजवळ सगळे राखते आणि आत खोल जाते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे, कारण मेलेल्या जनावरातले शिसे खाऊन तिथली कॉन्डोर गिधाडे मरत होती, आणि तिथले शिकारी तांब्याच्या गोळ्यांवरच आपले काम करतात. दुसरी गोष्ट मी काकांच्या हयातीत कधी कबूल केली नाही. सांबर तिरके, समोरून उभे होते. मी पाच श्वास थांबलो असतो आणि त्याने बाजू दिली असती, तर पुढच्या पायामागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, केवळ बरगड्यांतून तीच १३० ग्रेनची गोळी आत गेली असती आणि ते शंभर पावलांत पडले असते. नेम चुकला नव्हता. जागा चुकीची निवडली होती. एवढ्यापुरते काका बरोबर होते.

हे उत्तर भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी एक स्पष्ट करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे सांबर, चितळ, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे. बाबांनी .२७० पुढे विकली आणि मी त्यानंतर फक्त कागदी लक्ष्यावर गोळी चालवली आहे. मला याचे दुःख नाही.

आपण मात्र जिथे परवानगी आहे तिथे जात आहात, तेव्हा एवढे करा. १८० ग्रेनची दोन वेगवेगळ्या बनावटींची खोकी आणा, त्यांतली एक बाँडेड असू द्या, आणि दोन्हींतली पाच-पाच काडतुसे १०० यार्डांवर, नळी मध्ये मध्ये थंड होऊ देत, कागदावर चालवून पाहा. आपली रायफल ज्या गोळ्या एकत्र मारेल ती घ्या आणि शिकारीला त्याच खोक्यातली काडतुसे न्या. गोळी लागल्यावर दुसरे काडतूस लगेच आत घाला, मग वीस मिनिटे जागचे हलू नका, आणि नंतर रक्त बोटावर घेऊन फेस आहे की नाही ते पाहा. आणि सांबराच्या अंगातून गोळी मिळाली, तर ती फेकू नका. धुऊन एखाद्या सोनाराच्या काट्यावर तोला आणि १८० पैकी किती ग्रेन उरले ते मला इथे अवश्य कळवा.