राजीनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी

प्रश्न : चाकणच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी चौदा महिने क्वालिटीला आहे. पत्रावर हुद्दा 'असिस्टंट मॅनेजर'. मोजमाप न घेतलेल्या लॉटच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही करायला मी दोनदा नकार दिला. तेव्हापासून प्लँट हेड शॉप फ्लोअरवर सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतात, रात्री अकरा वाजता ग्रुपवर माझ्या चुका टाकतात. आता एचआरने टाइप केलेला राजीनामा पुढे ठेवलाय. शुक्रवारपर्यंत सही करा, नाहीतर काढून टाकू आणि बाँडचे दोन लाख वसूल करू, असं म्हणतात. माझं मूळ पदवी प्रमाणपत्र त्यांच्याकडेच आहे. घरचे म्हणतात, सही कर आणि मोकळा हो.

उत्तर : घरच्यांची काळजी मला कळते, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांची केस याच सहीपाशी अडते. रोजच्या अपमानाला कंटाळून माणूस सही करतो आणि पंधरा दिवसांनी 'जबरदस्तीने घेतली' म्हणत येतो. दबावाखाली दिलेली संमती करार कायद्यात टिकत नाही हे खरं, पण दबाव होता हे सिद्ध तुम्हाला करावं लागतं. आणि केबिनमध्ये साक्षीला कोण, तर त्यांचीच माणसं. सही केली नाहीत तर पारडं फिरतं. ठपका ठेवून काढायचं असेल तर आरोपपत्र देऊन चौकशी त्यांना करावी लागेल.

हे संरक्षण 'कामगार' असलेल्याला मिळतं, आणि कंपनी तुमच्या हुद्द्याकडे बोट दाखवणार. घाबरू नका. कार्डावर काय छापलंय यापेक्षा दिवसभर तुम्ही प्रत्यक्ष काय करता, हे कोर्ट बघतं. तुम्ही स्वतः सीएमएमवर, म्हणजे पार्टचं मोजमाप घेणाऱ्या मशीनवर, पार्ट लावत असाल, रीडिंग लिहीत असाल, कुणाची रजा मंजूर करण्याचा किंवा कुणाला कामावर घेण्याचा अधिकार तुम्हाला नसेल, तर ते तांत्रिक काम आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तांत्रिक काम करणारा कामगारच ठरतो. 18,000 रुपयांची पगारमर्यादा आहे ती पर्यवेक्षकांसाठी. शिवाय तुमचं सलग एक वर्ष भरलंय, त्यामुळे कामगार कपात म्हणून काढायचं तरी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि वर भरपाई द्यावी लागेल.

पोलिसांत जावं का, असा विचार मनात आला असेल. वरिष्ठांच्या नुसत्या वाईट वागणुकीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, याची मला खंत वाटते. वरिष्ठाने कामावरून रागावणं हा एवढ्यावरून हेतुपुरस्सर अपमानाचा गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये म्हटलंय. हात उगारला, जातीवरून बोलले, जिवाची धमकी दिली, तर गोष्ट वेगळी. तसं झालं असेल तर लगेच कळवा.

बाँड म्हणजे रद्दी कागद, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख ही अट वैध ठरवली. पण ती सार्वजनिक बँक होती आणि तिथे कर्मचारी स्वतःहून सोडून गेला होता. तुम्हाला तर तेच घालवतायत. माणसाला स्वतः बाहेर काढायचं आणि वर 'मुदतीआधी का गेलास' म्हणून पैसे मागायचे, हे कोर्टात पटवणं त्यांना जड जाईल. तुमच्या प्रशिक्षणावर नेमका किती खर्च केला, हेही लेखी विचारा. पदवी प्रमाणपत्र अडवून ठेवण्याचा त्यांना हक्क नाही, ते मेलवर परत मागा.

आता पुराव्याचं. यात इंजिनिअर मंडळी हमखास चूक करतात. रागाच्या भरात ड्रॉइंग आणि रिपोर्ट स्वतःच्या मेलवर पाठवतात आणि मग कंपनी त्यांच्यावरच डेटाचोरीची तक्रार करते. कंपनीची एकही फाइल बाहेर नेऊ नका. ग्रुपवरचे मेसेज तुमच्या फोनवर आहेत, ते जपा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल, ते आपण करू. कोणता लॉट, कोणती तारीख, सही कुणी मागितली, शेजारी कोण होतं, हे घरच्या वहीत लिहून काढा. आणि त्या रिपोर्टवर सही न करून तुम्ही योग्यच केलंत. पार्ट पुढे फेल झाला तर पहिला जाब सही करणाऱ्याला विचारतात.

समजा, सगळं तपासून तुम्हालाच तिथे राहायचं नसेल. त्यात कमीपणा काहीच नाही. मग राजीनामा तुमच्या शब्दांत, तुमच्या कारणांसह, तुमच्या तारखेला द्या. वेतन संहितेप्रमाणे देय पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा.

गुरुवारच्या सुट्टीत एचआर आणि कंपनीच्या संचालकांना एक छोटा मेल पाठवा : "मला राजीनामा द्यायचा नाही. अमुक तारखेला तयार मसुद्यावर सही करण्यास सांगण्यात आले, मी नकार दिला. मी कामावर हजर राहणार आहे." स्वतःच्या मेलला त्याची प्रत ठेवा आणि शुक्रवारी नेहमीच्या वेळेला पंच करा. गेटवर अडवलं तर तिथूनच वेळ टाकून दुसरा मेल करा, आणि नियुक्तीपत्र, बाँड, पगाराच्या स्लिपा घेऊन मला येऊन भेटा.